बिडाचा शिकंजा

तुटलेला शिकंजा मी भंगारात घातलेला नाही. माझा कारखाना म्हणजे नगरजवळ भिंगारच्या बाजूला एक पत्र्याचं शेड, दोन बाकं आणि एक कटर. तिथं बाकाच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला तो टांगलेला असतो. नवा पोरगा कामाला आला की पहिल्या आठवड्यातच मी तो काढून त्याच्या हातात देतो आणि तुटलेल्या जागेवरून बोट फिरवायला सांगतो. बोटाला रवा लागल्यासारखं वाटतं. रंग करडा, राखेसारखा. बाहेरून मात्र त्यावर छान निळा रंग आहे, अजून चमकतो.

दिवाळीला आठ दिवस राहिले होते. घरच्यांबरोबर मी सामान भरायला शहरातल्या एका मोठ्या बझारात गेलो होतो. रवा, बेसन, तेलाचे डबे भरून झाले आणि ट्रॉली ढकलत बादल्या-पायपुसण्यांच्या रांगेत आलो, तर तिथं मांडणीवर अवजारं. जाड पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकच्या आवरणात सगळं नीट बसवलेलं: चार सी-क्लॅम्प, दोन लांब दांडीचे, एक पक्कड, सहा पेचकस, तीन पटाशा. भाचा बरोबर होता. शेवगावकडचा, बारावी करून माझ्याकडे काम शिकायला आलेला, तेव्हा एकोणीस वर्षांचा. तो म्हणाला, "मामा, आपल्याला शिकंजे कमी पडतात म्हणता ना? हे बघा. हार्डवेअरवाले शेठ एवढ्यात एकच देतील."

हिशेब त्याचा चुकला नव्हता. त्या एका संचाच्या पैशात आमच्या नेहमीच्या दुकानात एकच चांगला शिकंजा आला असता. शिकंजे कमी पडतात हेही खरं होतं. सुताराकडे शिकंजे पुरले असं कधी होत नाही. करवत एकावेळी एकच चालते, रंधाही एकच चालतो, पण सांधा चिकटवायला घेतला की दर फूट-दीड फुटाला एक शिकंजा लागतो आणि फेव्हिकॉल वाळेपर्यंत तो तिथंच अडकून पडतो. माझ्याकडे लांब शिकंजे चारच होते. त्यातला एक वडिलांच्या काळातला, भिंगारच्या जुन्या बाजारात मिळालेला, शेफील्डच्या 'रेकॉर्ड' कंपनीचा. लष्कराच्या छावणीतून कुणीतरी विकलेला असावा. रंग पार उडालाय, पण आटे आजही नव्यासारखे फिरतात.

मी संच घेतला. भाच्याने भरीला घातलं असं म्हणून मला सुटका करून घ्यायची नाही. पस्तीस वर्षं हे काम केलेल्या माणसाने ते पाकीट हातात घेतलं, वजन बघितलं, बरं वाटलं आणि घेतलं. जड म्हणजे मजबूत, हा समज माझाच होता.

तेव्हा हातात श्रीगोंद्याच्या बाजूच्या एका वाड्याच्या दरवाजाचं काम होतं. जुना दरवाजा खालून कुजला होता आणि मालकांना तसाच दुसरा हवा होता. दोन झडपा, साडेसहा फूट उंच, सागाच्या, सगळे सांधे सालकुसूचे. असं काम आता वर्षा-दोन वर्षांत एखादंच येतं. बाकी सगळा प्लायवूड आणि सनमायका. साग आणायला मी स्वतः गेलो होतो, फळ्या एकेक उलटून पाहिल्या होत्या. पहिली झडप चार जुन्या शिकंज्यांत आवळून उभी केली. तारीख जवळ आली होती, म्हणून दुसरी त्याच दिवशी नव्या शिकंज्यांवर घ्यायची ठरवली.

वडिलांच्या वेळी सरस असायचा. डबा पाण्यात ठेवून उकळायचा, वास सगळ्या गल्लीत जायचा, आणि गार व्हायच्या आत सांधा बसवायचा. फेव्हिकॉल १९५९ साली आला आणि सुतारांची ती चूल विझली. पण घाई संपली नाही. नगरची हवा कोरडी. ऑक्टोबरच्या उन्हात पत्र्याखाली फेव्हिकॉलवर दहा मिनिटांत साय धरते. तेवढ्या वेळात कुसू सालीत बसलं पाहिजे, झडप काटकोनात आली पाहिजे आणि सगळे शिकंजे आवळून झाले पाहिजेत.

दोन लांब शिकंजे लावले. एकाची सरकती बाजू दांडीवर धरेनाच. आवळलं की घसरायची, पुन्हा आवळलं की पुन्हा घसरायची. दुसऱ्याची दांडी धनुष्यासारखी वाकली आणि झडप मधून वर उचलली गेली. ती खाली दाबून ठेवायला भाच्याने बाकाच्या कडेला सी-क्लॅम्प लावला आणि आवळायला लागला. मी पलीकडे गुण्या धरून वाकलो होतो. फटाका वाजावा तसा आवाज झाला. मान वर केली, तर तो दोन्ही हातांनी चेहरा धरून खाली बसलेला.

तुकडा डोळ्याखालच्या हाडावर लागला होता. बोटभर वर लागला असता तर... ते वाक्य मी आजही पूर्ण करत नाही. दोन टाके पडले. दवाखान्यातून परत आलो तोवर संध्याकाळ झाली होती आणि दुसरी झडप तिरकी, सांधे अर्धवट उघडे, तशीच वाळून घट्ट झाली होती. दोन आडव्या पट्ट्या करवतीने कापून काढाव्या लागल्या. तो साग, ते दोन दिवस, डॉक्टरांचे पैसे हे सगळं धरलं तर त्या संचाची किंमत किती झाली, ते मी एकदा वहीत मांडलं होतं. बहिणीला फोन करून पोराचं सांगताना जे वाटलं, ते मात्र कुठल्या वहीत मांडायचं?

आमच्या शेजारी एक काका राहतात. जिथून लुना बाहेर पडायची त्या नगरच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली. त्यांना तो तुकडा दाखवला. त्यांनी चष्मा लावला, उजेडात धरला आणि एकच शब्द बोलले, "बीड."

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्याला नाव ठेवायचं कारण नाही. पिठाच्या गिरणीचं अंग बिडाचं असतं, उसाच्या चरकाचं असतं, बाकाला लावायच्या चांगल्या वाइसचंही असतं. वजन पेलायला, दाब सोसायला त्याच्यासारखं काही नाही. पण ताण त्याला सोसत नाही, कारण त्याच्या पोटात कार्बनच्या बारीक पापड्या असतात आणि ओढ बसली की त्या पापड्यांच्या वाटेने ते फाटतं. काकांनी बोटाने सी आकार काढून दाखवला. शिकंजा आवळला की त्याचं तोंड उघडायला बघतं. बाहेरच्या पाठीवर दाब येतो, आतल्या पोटावर ताण. म्हणजे बिडाला जे जमत नाही तेच नेमकं त्याच्याकडून मागायचं. चांगल्या शिकंज्याचं अंग घडीव पोलादाचं असतं, किंवा ओतीव असलं तरी निराळ्या रीतीने केलेलं. त्यात कार्बनच्या पापड्या नसून गोळ्या असतात. असा शिकंजा जास्त आवळला तर वाकतो. वाकणारी वस्तू आधी सांगते, बीड काही न सांगता तुटतं.

मग काकांनी पटाशा मागितल्या. जुनी कानस घेतली आणि पात्यावर हलकेच ओढली. कानस चावली, भुकटी पडली. "ही पटाशी नाही, पट्टी आहे," म्हणाले. चांगल्या पटाशीचा कठीणपणा रॉकवेलच्या मापाने ५८ ते ६२ असतो, तिच्यावरून कानस काचेवरून घसरावी तशी घसरते. ही परीक्षा करायला यंत्र लागत नाही. पण प्लॅस्टिकचं पाकीट दुकानात फोडता येत नाही, त्यामुळे विकत घ्यायच्या आधी ती करताच येत नाही.

त्या रात्री मला दादांची, म्हणजे वडिलांची, फार आठवण आली. दादांकडे महाग काहीच नव्हतं. पाथर्डी तालुक्यातलं आमचं गाव, सुताराचं बलुतं, गावाच्या तिफणी, नांगर, गाड्या. १९७२च्या दुष्काळात बलुतं बुडालं, कारण शेतातच धान्य नव्हतं. लोक खडी फोडायला आणि तलावाच्या कामावर गेले, सुकडी आणि मिलोवर दिवस काढले, आणि दादा त्यांच्या टिकाव-कुदळींना दांडे बसवून देऊ लागले. दांडा बाभळीचा, रेषा लांबीला सरळ गेलेली, गाठ कुठंही नको. ते सांगायचे, एकदा घाईत गाठीचा दांडा दिला, तो मोडला आणि टिकावाचा फाळ एका बाईच्या पायावर आला. मी तेव्हा फार लहान होतो. पण ही गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की ती बाई मला पाहिल्यासारखी वाटते.

दादांच्या पटाशा घिसाड्याने केलेल्या होत्या. उन्हाळ्यात गावाबाहेर घिसाड्यांची पालं पडायची. बाई भाता ओढायची, घण मारायची, बाप्या सांडशीत लोखंड फिरवायचा. ट्रकच्या जुन्या कमानीचा पाटा नेऊन दिला की त्यातून पटाशी निघायची. लाल करून पाण्यात बुडवायची, मग पुन्हा ऊब द्यायची, पात्यावर गवताच्या काडीसारखा पिवळा रंग सरकत आला की पुन्हा थंड करायची. याला पाणी देणं म्हणतात. दादा दुसऱ्या कशाला विचारायचे नाहीत, मूठ कशी, चकाकी कशी, काही नाही. एवढंच म्हणायचे, "पाणी हाय का तेवढं बघ. बाकी आपुन करू."

एक वर्षी एक पटाशी मऊ निघाली. दादांनी ती फडक्यात गुंडाळून ठेवली. फाल्गुनात कानिफनाथांच्या मढीला यात्रेत गेले, कारण तिथं सगळ्या भटक्या जमाती येतात, घिसाडीही येणारच. तो माणूस सापडला. दादांनी पटाशी पुढे केली. तो काही बोलला नाही, तिथंच भट्टी पेटवून नव्याने पाणी दिलं, पैसे घेतले नाहीत. ती पटाशी माझ्याकडे आहे. झिजून निम्मी झाली आहे, पण अजून आडव्या रेषेतला साग लोण्यासारखा कापते.

तिची किंमत बझारातल्या पटाशीपेक्षा जास्त नव्हती. म्हणून 'स्वस्त म्हणजे वाईट' असं कोणी म्हटलं की मला ते पटत नाही. दादांचं सगळं आयुष्य स्वस्त अवजारांवर गेलं. फरक असा, की ती घेऊन कुणाकडे तरी जाता येत होतं. माझ्या निळ्या शिकंज्यावर नाव नव्हतं, गाव नव्हतं, फक्त पट्ट्या-पट्ट्यांचा छापा होता. मी बझारात परत गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीने नम्रपणे सांगितलं, "काका, पाकीट फोडलंय, आता बदलून मिळणार नाही." तिची त्यात चूक नव्हती. तो शिकंजा कुणी केला हे तिलाही माहीत नव्हतं.

पुतणी जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहते. तिला हा प्रकार सांगितला तेव्हा ती म्हणाली, "काका, इथंही किराणा दुकानात अवजारं मिळतात." लिडल नावाच्या दुकानात भाजी आणि पावाच्या मधल्या रांगेत दर आठवड्याला वेगळा माल येतो, त्यात 'पार्कसाइड' नावाची हत्यारं असतात. दिवाळीत येताना तिने दोन शिकंजे आणले. मी ते खूप बारकाईने पाहिले. अंग जरा हलकं, दांडीवरचे दाते उथळ, टोपी प्लॅस्टिकची. पण आटे स्वच्छ, आणि आवळल्यावर सरकती बाजू जागची हलली नाही. मोठ्या दरवाजाला मी ते लावणार नाही, ड्रॉवरच्या पेटीला रोज लावतो. तिने पावतीही बरोबर दिली होती. त्या दुकानाच्या बऱ्याच यंत्र-हत्यारांवर तीन वर्षांची हमी असते. त्याच स्टुटगार्टमध्ये १८८९ साली सुरू झालेली बेस्सी कंपनी १९३६पासून शिकंजे करते आहे. म्हणजे महाग आणि स्वस्त दोन्ही एकाच गावात विकलं जातं, आणि दोन्हीवर कुणाचं तरी नाव असतं. नाशिकला सातपूरला होणाऱ्या टपारियाच्या पक्कडीवर आपण वर्षानुवर्षं विश्वास टाकतो, तो याचमुळे.

त्या संचातलं काय टिकलं, तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. उरलेले तीन सी-क्लॅम्प मी वापरतो. सनमायकाची पट्टी धरायला, मापाची फळी बाकावर अडकवायला, रंग वाळेपर्यंत दोन तुकडे लावून ठेवायला ते पुरतात. हाताच्या दोन बोटांनी आवळता येईल तेवढंच आवळायचं, असा कारखान्याचा नियम आहे. पेचकसांतले दोन रंगाचा डबा उघडायला राहिले. बाकीच्यांची टोकं पहिल्या आठवड्यात गोल झाली, आणि गोल टोकाचा पेचकस स्क्रूचं डोकं खराब करतो, म्हणजे मग तो स्क्रू बाहेरही येत नाही. लांब दांडीच्या दोघांच्या दांड्या मी वेगळ्या काढल्या, त्यांचे कोयंडे केले.

पक्कड मात्र मी स्वतः घणाने वाकवून टाकली. शेजारी काम करणारा वायरमन एकदा ती उचलून नेत होता. मुठीवर लाल प्लॅस्टिक होतं, त्यामुळे त्याला वाटलं करंट लागणार नाही. वायरिंगच्या पक्कडीच्या मुठीवर १००० व्होल्टचा छाप असतो, म्हणजे ती त्यासाठी तपासलेली असते. नुसतं चढवलेलं प्लॅस्टिक म्हणजे हात घसरू नये म्हणून केलेली सोय. ते वीज अडवेलच असं नाही. ज्या अवजाराच्या भरवशावर माणूस जिवंत तारेला हात घालतो, त्यात पैसे वाचवू नयेत. हातोड्याचंही तसंच. ओतीव डोक्याच्या हातोड्याचा टवका उडतो आणि तो डोळ्यांकडेच येतो.

शिकंजे कमी असतील तर काय करावं, हे मला दादांच्या कामातून पुन्हा शिकावं लागलं. बाकावर दोन पट्ट्या ठोकायच्या, मध्ये झडप ठेवायची, आणि उरलेल्या फटीत दोन पाचरी समोरासमोरून ठोकत जायच्या. ठोकाल तेवढा दाब. खर्च शून्य, बाभळीचे चार तुकडे. चौकटीला दोरीचे दोन वेढे आणि मध्ये काठी घालून पीळ दिला तरी चारही कोपरे एकदम आवळतात. आणि गाडीच्या चाकाएवढा मोठा शिकंजा तर मी दुसरा पाहिलेला नाही. तुंबा, आरे, घेराची लाकडं सगळी नुसती अडकवून ठेवलेली. गोवऱ्यांच्या जाळात लोखंडी धाव लाल व्हायची, चौघे सांडशांनी ती उचलून चाकावर चढवायचे, धूर निघायचा, बायका घागरी ओतायच्या, आणि धाव आकसताना लाकडाचे सांधे करकर वाजत आत जायचे. मी सहा-सात वर्षांचा असेन. तो आवाज ऐकायला आम्ही पोरं शाळा बुडवायचो. वाड्याची दुसरी झडप शेवटी मी पाचरींवरच बसवली. आजपर्यंत तिचा एकही सांधा उघडलेला नाही.

भाच्याने पुढच्या वर्षी पीएम विश्वकर्मा योजनेत नाव घातलं. १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेल्या या योजनेत अठरा धंदे आहेत, त्यात सुतारकाम आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत. शिकून आल्यावर तो वही घेऊन बसला: स्वतःच्या खिशातून आणखी काय घ्यावं? मी म्हटलं, तू सांग. त्याने दोन रकाने केले होते. एका बाजूला धार असणारं, आवळणारं आणि डोळ्याजवळ येणारं. दुसऱ्या बाजूला नुसतं धरणारं, मोजणारं, टोचणारं. पहिल्या रकान्यात फक्त तीन वस्तू होत्या आणि बहुतेक सगळे पैसे तिथंच. दुसऱ्या रकान्यापुढे लिहिलं होतं, 'आठवडे बाजार, काष्टी.'

मापाच्या अवजारांपाशी मात्र मी त्याला थांबवलं. स्वस्त गुण्या घ्यायला हरकत नाही, पण तपासून घ्यावा. फळीच्या सरळ कडेला लावून रेघ मारायची, मग तो उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ मारायची. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा. टेप घेताना दोन टेप शेजारी उघडून बघायच्या. एवढ्या परीक्षेला दुकानदार नाही म्हणाला, तर तिथून निघावं.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं नेहमीच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. भाच्याने खिशातून सागाचा एक छोटा ठोकळा काढला, शेठना विचारून काउंटरवर ठेवला आणि एकेक शिकंजा त्यावर लावून आवळायला लागला. सरकती बाजू घसरते का, दांडी वाकते का, आटे अडकतात का. आवळताना चेहरा मागे घेतो तो, डावीकडे वळवून. डोळ्याखालचा व्रण आता फिका झालाय. सहा तपासले, दोन बाजूला काढले. शेठ म्हणाले, "अरे, सगळे एकाच पेटीतले आहेत." तो म्हणाला, "असू द्या शेठ, हे दोन बघा, आटे धरतायत." शेठनी स्वतः फिरवून पाहिले, मान हलवली आणि ते दोन परत पेटीत न टाकता कंपनीच्या माणसाला दाखवायला खाली ठेवून दिले. चार घेतले. पावती भाच्याने घडी करून पाकिटात ठेवली आणि गाडीवर बसताना मला म्हणाला, "मामा, ठोकळा तिथंच राहिला."

आम्ही तो आणायला परत गेलो.